संदिग्ध दानपत्रें

जुन्या मराठी ग्रंथाचें मुखपृष्ठ उलटलें, कीं आंतल्या पानावर बारीक टाइपांत छापलेली एक ओळ पुष्कळदां आढळते. सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें हें पुस्तक नोंदविलें असून त्याचे सर्व हक्क ग्रंथकर्त्यानें आपणांकडे ठेविले आहेत, अशा अर्थाची ती ओळ असते. विद्यार्थिदशेंत मला तिचें हसूं येत असे. ज्या पुस्तकाच्या पांचशें प्रती खपावयास पंधरा वर्षें लागावयाचीं, त्याच्या हक्कांवर एवढा पहारा कशाला, असें वाटे. आतां पन्नाशी उलटल्यावर त्या ओळीविषयीं माझ्या मनांत आदर उत्पन्न झाला आहे. ती ओळ उदार नव्हती, हें खरें. परंतु ती स्पष्ट होती. ग्रंथकर्ता ‘नाहीं’ म्हणत होता आणि वाचणाऱ्यास तें ‘नाहीं’ निःसंशय ऐकूं येत होतें. जो ‘होय’ म्हणतो त्याचा ‘होय’ तितकाच स्वच्छ ऐकूं यावा, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. कारण ज्या दानाविषयीं मी लिहिणार आहें, त्यांत ‘होय’ पुष्कळ आहेत आणि स्वच्छ ‘होय’ फार थोडे.

हें दान संगणकाच्या आज्ञावलीचें. आज्ञावली लिहिणारा ती प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. मग यंत्रास कळेल असें तिचें रूप तयार होतें. धंदेवाईक कंपन्या बहुधा हें दुसरें रूप विकतात आणि पहिलें तिजोरींत ठेवतात. परंतु गेल्या चाळीसएक वर्षांत असे हजारों लोक निघाले, कीं ज्यांनीं पहिलें रूप, म्हणजे ज्यास सोर्स कोड म्हणतात आणि ज्यास मी येथें मूळ संहिता म्हणेन, तेंच जगापुढें ठेविलें: घ्या, वाचा, सुधारा, दुसऱ्यास द्या. या चळवळीस ओपन सोर्स किंवा मुक्त-स्रोत म्हणतात. ज्या अटींवर हें दान होतें त्यांस लायसन्स किंवा परवाना म्हणतात, आणि तो कोणता हें फाइलीच्या आरंभीं चार-दोन ओळींत लिहिण्याचा प्रघात आहे. त्या ओळी म्हणजे त्या दानाचें दानपत्र होय. माझें म्हणणें असें, कीं जुन्या फाइलींवरचीं हीं दानपत्रें पुष्कळदां संदिग्ध आहेत. त्यांचा अर्थ आपल्या सोयीनें लावून काम रेटण्याची जी रीत पडली आहे ती दात्याशीं अप्रामाणिक आणि घेणाऱ्यास घातुक आहे. आणि संदिग्धता दूर करण्याचा सरळ मार्ग एकच आहे. दाता हयात आहे तोंवर त्यास विचारावें आणि त्याचें उत्तर त्याच्याच शब्दांत त्याच फाइलींत लिहून ठेवावें.

हा विषय मला एका शब्दानें शिकविला, आणि तो शब्द म्हणजे ‘वऱ्हाड’. चांदूर बाजार येथें मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. आमच्या वार्षिकांकाचे पंधरा-वीस वर्षांचे जुने अंक संगणकांत होते खरे, पण ते युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या फाँटांत. त्या काळीं प्रत्येक फाँटवाल्यानें अक्षरांस आपापले अंक दिलेले असत. एका फाँटांतला मजकूर दुसऱ्यांत उघडला, तर देवनागरीच्या जागीं परक्या अक्षरांचा व चिन्हांचा उकिरडा दिसे. असा मजकूर युनिकोडांत आणणारी एक जुनी, लहानशी आज्ञावली आम्हांस मिळाली. तिनें महिन्यांचें काम दिवसांवर आणलें. मात्र एका अक्षराशीं तिचें वैर होतें. ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ या शब्दांत जो अर्धा र येतो, त्याच्या जागीं ती रफार टाकी. त्यामुळें ‘वऱ्हाड’चें ‘वर्हाड’ होई आणि ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाचें ‘शेतकर्यांचा’. ज्या मुलखांत दर तिसऱ्या वाक्यांत शेतकरी येतो, त्या मुलखाच्या अंकाची याहून अधिक विटंबना ती कोणती? बी. एस्सी. च्या एका विद्यार्थिनीनें दोन संध्याकाळ मूळ संहिता वाचून ती चूक काढून टाकली. दुसऱ्या दिवशीं ती मला म्हणाली, ‘सर, आपला शेतकरी आतां नीट उमटतो.’

बातमी पसरली. शेजारच्या गांवच्या वाचनालयानें ती सुधारलेली आज्ञावली मागितली; परतवाड्याच्या एका डीटीपी करणाऱ्यानें मागितली; अमरावतीच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनीं मागितली. देण्यापूर्वीं फाइलीच्या डोक्यावर काय लिहिलें आहे तें पाहावें, म्हणून मीं चष्मा चढविला. तेथें इंग्रजींत चार विधानें होतीं. पहिलें, कर्त्याचें नांव व सन देऊन, हक्क त्याचे आहेत. दुसरें, ही आज्ञावली सर्वांस ‘फ्री’ आहे. तिसरें, हिच्यांत बदल करण्यास हरकत नाहीं. केलेले बदल मला कळवावेत. चौथें, व्यापारी उपयोग करूं नये. खालीं ई-मेलचा जो पत्ता होता तो केव्हांच बंद पडला होता. शिवाय अक्षरांचा तक्ता ज्या दुसऱ्या फाइलींत होता, तिच्यावर निराळ्याच गृहस्थाचें नांव होतें आणि परवान्याचें एक अक्षरही नव्हतें.

आतां पाहा. परतवाड्याचा डीटीपीवाला पानामागें पैसे घेतो. तो व्यापार झाला काय? साप्ताहिकांत जाहिराती छापतात, त्याचें काय? बदल करण्यास हरकत नाहीं, हें ठीक. पण बदललेली प्रत तिऱ्हाइतास देण्यास? आणि ‘फ्री’ म्हणजे मोफत कीं मुक्त? इंग्रजीस या दोहोंकरितां एकच शब्द आहे, आणि त्यावरून त्या भाषेंत गेलीं चार दशकें खुलासे लिहिले जात आहेत. मराठीस दोन निराळे शब्द आयते मिळालेले असतां आमच्या मुलांनीं ‘फ्री’ लिहून तो घोळ मुद्दाम आपल्या घरांत आणावा, हें नवल नव्हे काय?

माझे एक स्नेही गणिताचे प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, ‘अहो, एवढा कीस कशाला काढतां? देऊन टाका.’ त्यांचें म्हणणें मी शक्य तितकें त्यांच्या बाजूनें मांडतों. ज्या मनुष्यानें वीस वर्षांपूर्वीं रात्री जागून हें काम केलें आणि एक पैसा न घेतां जगापुढें ठेविलें, त्याची नियत स्वच्छ आहे. तो कायदेपंडित नव्हता. जें सुचलें तें त्यानें लिहिलें. अशाच्या दारीं जाऊन ‘तुम्हीं दिलें तें खरोखरच दिलें काय?’ असें विचारणें हा त्याचा अपमान आहे. शिवाय या वीस वर्षांत त्यानें कोणावर फिर्याद केली नाहीं आणि पुढेंही तो करणार नाहीं. मराठीच्या कामास आधींच माणसें थोडीं; त्यांतल्या पांचांस तुम्हीं कागद गोळा करावयास बसविलें, तर काम करणार कोण? हा युक्तिवाद भावनेचा आहे, पण निव्वळ भावनेचा नाहीं. त्यांत व्यवहारही आहे. म्हणूनच त्यास उत्तर देणें अवश्य आहे.

प्रथम नियतीची गोष्ट घेऊं. म्हणजे मनांतल्या हेतूची. दात्याचा हेतु स्वच्छ असतो, हें मला मान्य आहे. पण दानपत्राचा अर्थ पुढें सांगणारा नेहमीं तोच असतो असें नाहीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठानें ‘पाइन’ नांवाची टपाल वाचण्याची आज्ञावली तयार केली होती, आणि १९९० नंतरच्या दशकांत ती फार लोकप्रिय होती. तिच्या जुन्या आवृत्त्यांवरच्या परवान्यांत वापरण्याची, नक्कल करण्याची, बदलण्याची आणि वांटण्याची अनुमति होती. साध्या वाचकानें यांतून काय समजावें? बदलावें आणि वांटावें, असेंच. तशाच शब्दांचे दुसरे परवाने लोक तसेच समजत आले होते. परंतु विद्यापीठानें पुढें अशी भूमिका घेतली, कीं बदलण्याची अनुमति आहे आणि वांटण्याचीही आहे. मात्र बदललेलें वांटण्याची नाहीं! एका ‘आणि’वर सारा डोलारा उभा होता, तो कलंडला. लिनक्सच्या डेबियन मंडळीनें पाइन तयार रूपांत देण्याचें वर्ज्य केलें. कोणी जुन्या आवृत्तीवरून निराळी आज्ञावली करावयास घेतली. अखेर विद्यापीठानेंच ‘अल्पाइन’ हा तिचा नवा अवतार २००७ सालीं अपाचे परवान्याखालीं स्पष्ट शब्दांत दिला, तेव्हां कोठें हा प्रश्न सुटला. त्या पहिल्या ओळी लिहिणाऱ्याचा हेतु वाईट होता, असें मी म्हणत नाहीं. ओळी लिहिणारा एक आणि त्यांचा अर्थ सांगणारें कार्यालय दुसरें, असें घडूं शकतें, एवढेंच माझें म्हणणें.

संदिग्ध सनदेखालीं राहणें म्हणजे काय, हें वऱ्हाडच्या माणसास तरी निराळें सांगावें लागूं नये. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत फौजेच्या खर्चासाठीं ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केला. दिला म्हणावा, तर राज्य निजामाचेंच राहिलें. ठेव म्हणावी, तर परत करण्याची तिथि कोठें लिहिलेली नव्हती. पहिल्या सालारजंगानें तो परत मिळावा म्हणून पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. १९०२ सालीं दरसाल २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला. तरी निजामानें पुन्हां मागणी केलीच, आणि १९२६ सालीं लॉर्ड रीडिंगनें ती फेटाळली. पुढें १९३६ सालीं निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देऊन, नांव एकाचें आणि कारभार दुसऱ्याचा अशी तडजोड झाली. हीं ८३ वर्षें देणारा आणि घेणारा एकाच कागदाचे दोन अर्थ करीत राहिले, आणि ज्यांच्या मुलखाविषयीं तो कागद होता त्या रयतेस कोणीं विचारलें नाहीं. आज्ञावलीच्या बाबतींतही असेंच आहे. दात्याचें कांहीं अडत नाहीं. अडतें तें त्या वाचनालयाचें आणि त्या डीटीपीवाल्याचें.

विचारणें हा अपमान होतो, हेंही मला पटत नाहीं. आमच्याकडे संत्र्याचा बहार झाडावर असतांच व्यापाऱ्यास विकतात. इसार घेतांना गळालेलीं फळें कोणाचीं, तोडणी कोणत्या महिन्यापर्यंत, पाणी कोणीं द्यावयाचें, हें दोघेही बोलून घेतात. त्यांत कोणास राग येत नाहीं. बोलून न घेतल्यास मात्र दोन घरांचें बोलणें बंद होतें.

फिर्याद होत नाहीं म्हणून चिंता नको, असें जें म्हणतात, त्यांस माझें उत्तर असें, कीं फिर्यादीपूर्वींच नुकसान होऊन गेलेलें असतें. सचोटीचा मनुष्य संशय येतांच हात आंखडतो. बेफिकीर मनुष्य खुशाल वापरतो. म्हणजे दात्यानें जें सर्वांस दिलें, तें त्याच्या संदिग्ध लिहिण्यामुळें भल्या माणसास मिळत नाहीं आणि दुसऱ्यास मिळतें. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ च्या सुमारास लिहिलेली एक संहिता लिनक्सच्या पायाभूत लायब्ररींत, म्हणजे ज्या संग्रहावर बाकीच्या आज्ञावल्या उभ्या राहतात त्यांत, जाऊन बसली होती. तिच्यावरच्या सूचनेंत नक्कल व बदल करण्यास मोकळीक होती. परंतु आपण तयार केलेल्या वस्तूचा भाग म्हणूनच ती पुढें द्यावी, अशी अट होती. मग ती सुटी देतां येते कीं नाहीं? मुक्त म्हणावी कीं नाहीं? यावर वर्षानुवर्षें काथ्याकूट झाला. रेड हॅट कंपनीच्या माणसांनीं चिकाटीनें विचारलें, तेव्हां २००९ सालीं सननें ती संहिता स्पष्ट परवान्याखालीं देण्याचें मान्य केलें. आणि सन विकत घेणाऱ्या ओरॅकलनें २०१० सालीं राहिलेलें काम पुरें केलें. काथ्याकुटानें जें झालें नाहीं तें विचारल्यानें झालें.

आपल्याकडचा कायदा तर मौनाच्या बाजूस मुळींच नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाची आज्ञावली वाङ्मयीन कृतींत गणली गेली. अशा कृतीवरचा हक्क ती लिहिल्याबरोबर उत्पन्न होतो. त्यास नोंदणी नको, सूचना नको. तेव्हां ज्या फाइलीवर कांहींच लिहिलेलें नाहीं, ती बेवारस नसून पूर्णपणें राखलेली असते. जुन्या ग्रंथकर्त्यास जी ओळ मुद्दाम छापावी लागे, ती आतां न छापतांही छापलेली समजतात. हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. १९९८ सालीं तीस वर्षांच्या तरुणानें लिहिलेली शंभर ओळींची फाइल, तो ८० वर्षें जगल्यास, २१०८ च्या अखेरीपर्यंत राखलेली राहील आणि त्याच्या नातवंडांच्या संमतीची वाट पाहील. याच कायद्याचें १९ वें कलम सांगतें, कीं हक्क लिहून देतांना मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षांची समजावी आणि प्रदेश घातला नसेल तर तो भारतापुरता समजावा; आणि ३० अ कलमानें हा नियम योग्य त्या फेरफारानें परवान्यांसही लावला आहे. मुक्त-स्रोताच्या चार ओळींस तो कितपत लागूं पडतो, यावर वकील वाद घालोत. पण ‘मुदत लिहिली नव्हती, पांच वर्षें केव्हांच संपलीं’ असें म्हणण्यास कोणास वाट मोकळी राहते, ही गोष्ट लहान नाहीं. अपाचे परवान्यांत ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ हे शब्द घातलेले आहेत, ते उगीच नव्हेत.

आमच्या तालुक्यांतील माधानचे प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज १९१५ सालीं निवर्तले. त्यांच्या हयातींत जें छापलें गेलें असेल, त्यावरचा हक्क संपून कैक वर्षें झालीं. तें कोणीही छापावें. परंतु तेंच वाङ्मय जुन्या फाँटांतून ज्या आज्ञावलीनें युनिकोडांत आणावयाचें, ती कोणत्या अटींवर वापरावी व द्यावी, हें सांगतां येत नाहीं. संताचा शब्द मोकळा आणि तो उमटविणारें अवजार अडकलेलें, अशी ही उलटी गंगा आहे.

येथवर मीं माझ्या स्नेह्यांस उत्तर दिलें. त्यांच्याहून निराळा, आणि माझ्या मतें अधिक धोक्याचा, असा एक पक्ष आहे. हे उत्साही लोक म्हणतात, ‘संदिग्धता नको ना? मग आम्हीच ती दूर करतों.’ असें म्हणून ते दुसऱ्याच्या फाइलीच्या डोक्यावर आपल्या पसंतीचा परवाना चिकटवितात आणि जुन्या चार ओळी पुसून टाकतात. पुढें येणाऱ्यास ती फाइल अगदीं स्वच्छ दिसते. संदिग्ध दानपत्र निदान आपली संदिग्धता लपवीत नाहीं. हें नवें दानपत्र मात्र खोटें असून खऱ्याचा आव आणतें. दान स्पष्ट करण्याचा अधिकार दात्याचा आहे. घेणाऱ्यानें तें स्पष्ट करणें म्हणजे आपल्या नांवाचा सातबारा आपणच लिहिणें होय.

याचा अर्थ असा नव्हे, कीं घेणाऱ्यानें कांहींच करूं नये. जें दात्यानें एके ठिकाणीं सांगितलें आहे, तें दुसऱ्या ठिकाणीं नोंदविण्यास हरकत नाहीं. जीपीएल या प्रसिद्ध परवान्याची दुसरी आवृत्ति १९९१ ची आणि तिसरी २००७ ची; या दोहोंच्या अटी एकमेकींशीं जुळत नाहींत. आवृत्तीचा क्रमांकच दिलेला नसेल तर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ति घ्यावी, असें त्या परवान्यांतच लिहिलें आहे. तेथें मौनाचा अर्थ दात्यानें स्वीकारलेल्या कागदानेंच सांगितला. परंतु दात्यानें ‘दुसरी आवृत्ति’ म्हटलें असेल, तर तिच्यापुढें ‘किंवा नंतरची कोणतीही’ हे शब्द आपणांस घालतां येत नाहींत. लिनक्सच्या गाभ्यांत २०१७ सालीं जी साफसफाई झाली, ती या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. परवान्याची ओळच नाहीं अशा ११ हजारांहून अधिक फाइली त्यांत निघाल्या. संपूर्ण गाभ्याचा परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ति, हें आधींपासून लिहिलेलें होतें. म्हणून या फाइलींवर तेवढीच खूण, ठराविक शब्दांत आणि एका ओळींत, घातली गेली. जें ठाऊक होतें तें नोंदविलें. जें ठाऊक नव्हतें तें कल्पिलें नाहीं.

आणि विचारणें अशक्य आहे, असेंही कोणीं म्हणूं नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेच्या संहितेवर, तिचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातींत विद्यापीठाचें नांव छापावें, अशी अट होती. ती विद्यापीठानें १९९९ सालीं स्वतः काढून टाकली. मोझिलाच्या मंडळीनें परवाना बदलतांना एकेका लेखकास शोधून संमति मिळविली. २००१ सालीं आरंभ केलेलें तें काम २००६ सालीं संपलें. आपल्या घरचें उदाहरण ‘लोहित’ फाँटांचें. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीनें घडविलेले आणि रेड हॅटनें प्रसिद्ध केलेले हे फाँट प्रथम जीपीएलखालीं होते. जीपीएल हा आज्ञावलीसाठीं लिहिलेला परवाना. फाँट तर पीडीएफ पुस्तकाच्या पोटांत जाऊन बसतो. मग पुस्तकही त्याच परवान्याखालीं आलें काय, असा प्रश्न निघे. या शंकेसाठीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला अपवादाचें एक निराळें वाक्य सुचवावें लागलें. २०११ सालीं लोहित फाँट ओपन फाँट लायसन्सखालीं आले, आणि त्या परवान्यांत साफ लिहिलें आहे, कीं फाँट वापरून केलेल्या लिखाणास ही अट लागूं नाहीं. ज्याच्या हातीं हक्क होता त्यानें तो शब्द दिला. आज लोहित वापरून कोणी देवनागरी पुस्तक काढील, तर त्यास या प्रश्नावर रात्र जागावी लागणार नाहीं.

आतां माझ्या आज्ञावलीचें काय झालें, तें सांगतों. पहिल्या कर्त्याचा शोध घेण्यास तीन महिने लागले. अखेर एका जुन्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्यांचे आभार मानलेले आढळले. त्या प्रकाशकाकडून पत्ता घेऊन मीं पत्र टाकलें. आठ दिवसांत उत्तर आलें. त्यांनीं लिहिलें होतें, कीं ‘व्यापारी उपयोग’ म्हणजे कोणी ही आज्ञावली आपल्या नांवानें खोक्यांत घालून विकूं नये, एवढेंच मनांत होतें. डीटीपी करणाऱ्यानें तिच्यावर चार पैसे मिळवावेत, यासाठीं तर ती केली. डीटीपीवाला अटींत अडकतो, असा माझा तर्क होता, तो चुकला. कांहींही करावें, कोणाची हरकत नाहीं, असा माझ्या स्नेह्यांचा तर्क होता. तोही चुकला, कारण एका गोष्टीस त्यांची खरोखरच हरकत होती. आम्ही दोघेही त्याच चार ओळी वाचीत होतों. आतां ती हरकतही त्यांनीं सोडली आणि एमआयटी परवाना निवडून, त्याचा मजकूर, आपलें नांव व सन घालून, सहीनिशीं पाठविला. तो फाइलीच्या डोक्यावर आहे. जुन्या चार ओळीही त्याखालीं तशाच ठेविल्या आहेत.

अक्षरांचा तक्ता करणारे दुसरे गृहस्थ मात्र वारले होते. त्यांच्या घरीं मीं स्वतः गेलों. त्यांच्या पत्नीनें चहा दिला, आदरानें बोलल्या आणि म्हणाल्या, ‘त्यांच्या कागदांना आम्ही अजून हात लावला नाहीं, सर. मुलगा परदेशांत आहे, त्याला विचारते.’ त्यानंतर वर्ष झालें. त्यांनीं ‘नाहीं’ म्हटलें नाहीं, ‘होय’ही म्हटलें नाहीं, आणि शोक करणाऱ्या माणसास याहून अधिक टोंचणें मला योग्य वाटलें नाहीं. ज्याचा मालक मृत वा अज्ञात असून सांपडतच नाहीं, अशा कृतीसाठीं कायद्यांत ३१ अ कलम आहे. पण येथें मालक सांपडले होते, संमति तेवढी सांपडली नव्हती. तेव्हां आमच्या मुलांनीं तो तक्ता बाजूस ठेविला आणि फाँटांतलें एकेक अक्षर पाहून नवा तयार केला. अकरा दिवस लागले. त्या गृहस्थांनीं एक वाक्य लिहून ठेविलें असतें, तर हे अकरा दिवस वांचले असते. आणि मला जें अधिक लागतें तें हें, कीं त्यांचें काम त्यांच्या नांवासह आज वऱ्हाडांत वापरलें गेलें असतें.

म्हणून ज्यांनीं विद्यार्थिदशेंत किंवा नोकरी सांभाळून मराठीसाठीं कांहीं लिहिलें आणि लोकांपुढें ठेविलें, त्या हयात मंडळींस माझी विनंति आहे. आपल्या जुन्या फाइली एकदां उघडून पाहा. कोणीं लिहिलें, कोणत्या सालीं, कोणत्या परवान्याच्या कोणत्या आवृत्तीखालीं दिलें, आणि यांत दुसऱ्याचें काय आहे, एवढ्या चार गोष्टी मराठींत वा इंग्रजींत स्पष्ट लिहा. आपल्या मनचा परवाना रचूं नका. जे अनेकांनीं तपासलेले आहेत त्यांतला एक निवडा. सर्वच हक्क सोडावयाचे असतील, तर त्यासही कायद्याच्या २१ व्या कलमांत जाहीर सूचनेची वाट आहे. आणि द्यावयाचें नसेल, तर जुन्या ग्रंथकर्त्यांप्रमाणें ‘सर्व हक्क स्वाधीन’ असें लिहा. त्याबद्दल कोणी तुम्हांस दोष देणार नाहीं. आमच्या महाविद्यालयांतून दरसाल विद्यार्थ्यांचे प्रकल्प तयार होतात. त्यांवर या चार ओळी असल्यावांचून ते स्वीकारूं नयेत, असा आग्रह मीं आमच्या विभागांत धरला आहे. माझीं स्वतःचीं व्याख्यानांचीं टिपणें ‘सर्वांस खुलीं’ एवढेंच लिहून मीं दहा वर्षें वांटीत होतों, हें तेव्हां एका विद्यार्थ्यानें मला दाखवून दिलें. तीं आतां दुरुस्त केलीं आहेत.

सुधारलेली आज्ञावली वाचनालयास, परतवाड्यास आणि अमरावतीस गेली. जुना तक्ता माझ्या कपाटांत आहे. नागपुराहून पत्र आल्यास तो त्याच्या कर्त्याच्या नांवानें पुन्हां जोडावयाचा, असें मुलांनीं ठरविलें आहे.